जे पान पाहिलं, त्याचाच संदर्भ द्या

नागपुरात समाजशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: "कापड गिरण्या बंद पडल्यावर कामगारांच्या घरातल्या बायकांच्या कामाचं काय झालं, हा माझा विषय आहे. प्रबंध मराठीत लिहितेय. पहिल्या दोन प्रकरणांच्या मसुद्याचा उचलेगिरी तपासणी अहवाल आला, त्यात इतरांच्या लिखाणाशी २२ टक्के साम्य दाखवलंय. गाईड म्हणतात, संदर्भ नीट द्या. म्हणजे प्रत्येक वाक्याला द्यायचे का? संदर्भ लिहायची कोणती पद्धत वापरू, एपीए की एमएलए? जुनं गॅझेटियर, मराठी पेपरातल्या बातम्या, बायकांच्या मुलाखती यांचे संदर्भ कसे लिहायचे? आणि गाईडच्या लेखांचे संदर्भ द्यावेच लागतात का?"

मीही नागपुरातच समाजशास्त्र शिकवते, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते, आणि इतर विद्यापीठांचे प्रबंधही माझ्याकडे तपासायला येतात. तुमचे प्रश्न स्वल्पविराम आणि कंसाबद्दलचे वाटतात, पण खरी अडचण त्याच्या बरीच आधी आहे. बहुतेक मसुद्यांमध्ये असं दिसतं, की आपलं कोणतं वाक्य कुठून आलं हे लिहिणाऱ्यालाच आता सांगता येत नाही. वाचताना वहीत उतरवलं, वहीतून संगणकावर आलं, तिथून प्रकरणात गेलं, आणि वाटेत पुस्तकाचं नाव गळून पडलं. मग शेवटी संदर्भ "लावायला" बसावं लागतं. संदर्भ असे मागाहून लावता येत नाहीत. म्हणून आधी अहवालाचं बघू, मग वहीचं, आणि पद्धतीचं सगळ्यात शेवटी.

२२ टक्क्यांनी घाबरू नका, पण तो आकडा झटकूनही टाकू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीत सादर केलेल्या प्रबंधासाठी पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रत द्यायची. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रत सादरच करता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. तुमचा अजून मसुदा आहे, त्यामुळे आज तुम्हाला काही होणार नाही. पण हा आकडा कसा निघाला ते बघा. अवतरणचिन्हांत घेऊन मूळ लेखकाचं नाव दिलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे सगळं मोजणीतून वगळायचं असतं, असं याच नियमावलीत म्हटलंय. सर्वसामान्य माहितीची किंवा योगायोगाने जुळलेली सलग १४ शब्दांपर्यंतची जुळणीही धरायची नसते. तपासणी करणाऱ्याने या चाळण्या लावल्या होत्या का, हे ग्रंथालयात विचारा. संदर्भसूची मोजल्यामुळे फुगलेले अहवाल मी पुष्कळ पाहिलेत.

याची उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. तुम्ही मराठीत लिहिताय. इंग्रजी लेखातला परिच्छेद तुम्ही चांगल्या मराठीत उतरवला तर सॉफ्टवेअरला बहुधा काहीच दिसणार नाही, अहवाल स्वच्छ येईल. तरीही ती उचलेगिरीच. आपल्याकडे याबद्दल मोठा गैरसमज आहे. भाषांतर करायला मेहनत लागते, म्हणून तो मजकूर आपला झाला असं मनापासून वाटतं. वाक्यं तुमची असतीलही, पण युक्तिवाद, त्याची मांडणी, उदाहरणांचा क्रम हे सगळं दुसऱ्याचं आहे. परीक्षकाने मूळ लेख वाचलेला असला तर दोन ओळींतच त्याच्या लक्षात येतं. तेव्हा शून्य टक्के आला म्हणून प्रबंध प्रामाणिक ठरत नाही, आणि २२ आला म्हणून अप्रामाणिकही ठरत नाही.

आता वही. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या महिन्यात एवढंच शिकवते. टिपण घेताना पान उघडलं की आधी वर लेखक, वर्ष, आवृत्ती आणि हे पुस्तक कुठे पाहिलं ते लिहायचं. विद्यापीठाचं ग्रंथालय, सीताबर्डीवरचं वाचनालय, की इंटरनेटवरची स्कॅन प्रत, तेही. मग प्रत्येक टिपणाच्या आधी समासात पृष्ठक्रमांक, आणि त्याच्या शेजारी एक खूण. जसंच्या तसं उतरवलं असेल तर अवतरणचिन्हं घालायची, तिथल्या तिथे, नंतर नाही. आपल्या शब्दांत सार लिहिलं असेल तर "सा". इंग्रजीतून मराठीत आणलं असेल तर "भा". आणि वाचता वाचता स्वतःला काही सुचलं असेल तर "मी". ही शेवटची खूण मुलं टाळतात, आणि तीच सगळ्यात मोलाची. सहा महिन्यांनी वही उघडल्यावर आपला विचार कोणता आणि पुस्तकातला कोणता हे त्या खुणेशिवाय कळत नाही. तसं झालं की एकतर स्वतःचाच विचार दुसऱ्याच्या नावावर जातो, नाहीतर दुसऱ्याचा आपल्या नावावर.

सार लिहिताना पुस्तक मिटा. समोर उघडं पुस्तक ठेवून "आपल्या शब्दांत" लिहायला बसलं की वाक्याचा सांगाडा तोच राहतो आणि शब्द तेवढे बदलतात. मिटून लिहा, मग उघडून आकडे आणि नावं ताडून बघा.

प्रत्येक वाक्याला संदर्भ द्यायचा का? नाही. दावा कोणाचा आहे, ते बघून ठरवायचं. तुमच्या विषयातलंच एक वाक्य घेऊ. अशी वाक्यं मसुद्यांत हमखास असतात:

"एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, तिने कामगारांसाठी देशात प्रथमच कल्याणकारी योजना राबवल्या, मात्र स्त्री कामगारांना त्यांचा फारसा लाभ मिळाला नाही आणि गिरणी बंद पडल्यावर त्या धुण्याभांड्यांच्या कामाकडे वळल्या."

आणि शेवटी कंसात एकच पुस्तक. आता या वाक्यात चार गोष्टी आहेत. जमशेटजी टाटांची ही नागपुरातली गिरणी १८७७ च्या पहिल्या जानेवारीला सुरू झाली, ही सर्वमान्य नोंद आहे. तिच्यावर वाद नाही, त्यामुळे संदर्भ नसला तरी चालतो. "देशात प्रथमच" हा मात्र दावा आहे. असा दावा कंपनीच्या स्वतःच्या इतिहासात असेल तर कंपनी तसं म्हणते, एवढंच सिद्ध होतं. तेव्हा कोण म्हणतं ते वाक्यातच यायला हवं, आणि पृष्ठक्रमांक हवाच. बायकांना लाभ मिळाला नाही, हा कोणाचा तरी निष्कर्ष आहे. कोणत्या अभ्यासातून, कोणत्या काळाबद्दल? आणि धुण्याभांड्यांकडे वळल्या, हे तर तुम्ही स्वतः मुलाखतींतून शोधून काढलंय! तुमच्या प्रबंधाचा तो गाभा, आणि शेवटच्या कंसामुळे तुम्ही तो दुसऱ्याच्या पुस्तकाला देऊन टाकलात.

मी हे असं फोडून लिहीन: गिरणीची तारीख एका साध्या वाक्यात. मग "कंपनीच्या प्रकाशनांत असं नोंदवलंय की" अशी सुरुवात करून योजनांचं वाक्य आणि त्याचा संदर्भ. मग लाभाबद्दलचं संशोधन, संशोधकाच्या नावासह. आणि शेवटी नवा परिच्छेद: "प्रस्तुत अभ्यासातल्या मुलाखतींतून मात्र असं दिसतं की…" एक वाक्य होतं, त्याची पाच-सहा झाली. होऊ द्या.

सबंध परिच्छेद एकाच पुस्तकावर आधारलेला असेल तर दर ओळीला कंस नको, वाचणाऱ्याला ठेचा लागतात. पहिल्या वाक्यात लेखकाचं नाव घ्या, शेवटी पृष्ठं द्या, आणि तुमचं मत सुरू होतं तिथे ते कळेल असं लिहा.

या सगळ्याच्या मुळाशी मी एकच नियम धरते, आणि त्यात तडजोड करत नाही. जे पान तुम्ही स्वतः पाहिलं, त्याचाच संदर्भ द्यायचा. वेबर, मार्क्स, दुर्खाइम यांची जर्मन-फ्रेंच पुस्तकं मूळ सालासकट सूचीत दिसतात, आणि मजकूर आलेला असतो एखाद्या मराठी क्रमिक पुस्तकातून. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. "वेबर, अमुक यांच्या पुस्तकात उद्धृत" असं लिहा आणि सूचीत ते मराठी पुस्तक टाका. फक्त जो विचार तुमच्या मांडणीचा कणाच आहे, त्याचं मूळ किंवा चांगलं भाषांतर मिळवून वाचा. हल्ली आणखी एक भर पडली आहे. एआयला विचारलं की तो लेखक, साल, नियतकालिक, पृष्ठं असा अगदी खरा वाटणारा संदर्भ देतो, आणि शोधायला गेलं तर तसा लेखच नसतो. असा एक जरी संदर्भ परीक्षकाला सापडला तरी उरलेल्या सगळ्या सूचीवरचा विश्वास जातो. मी तरी अशा वेळी पूर्ण सूची तपासायला घेते.

बाबासाहेबांच्या लेखनाचं उदाहरण मुद्दाम घेते, कारण नागपुरातल्या बहुतेक प्रबंधांत ते येतंच आणि बहुतेक ठिकाणी अर्धवट येतं. नुसतं "आंबेडकर, १९७९" लिहिलं तर नवख्या वाचकाला वाटेल, हे त्यांनी १९७९ मध्ये लिहिलं. ते साल महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पहिल्या खंडाचं आहे. हा खंड आपल्या नागपूरच्याच वसंत मून यांनी संपादित केला. त्यात १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेला आणि १९१७ मध्ये छापून आलेला जातींवरचा निबंध आहे, आणि १९३६ चं जातिनिर्मूलनावरचं न झालेलं भाषणही आहे. दोघांमध्ये वीस वर्षं आहेत. त्या काळात त्यांच्या विचारांत काय बदललं हे तुम्हाला मांडायचं असेल आणि दोन्हीकडे "१९७९" असेल, तर तुमचा मुद्दाच दिसणार नाही. म्हणून दोन्ही सालं द्या: (आंबेडकर, १९३६/१९७९), आणि पुढे पृष्ठ. दिल्लीच्या आंबेडकर प्रतिष्ठानची २०१४ ची प्रत वापरली असेल तर १९३६/२०१४. मराठी अनुवाद वाचला असेल तर अनुवादकाचं नाव घातल्याशिवाय पुढे जाऊ नका. अनुवाद हेही कोणाचं तरी काम आहे.

गॅझेटियरचंही तसंच. "नागपूर गॅझेटियर" एवढंच लिहून भागत नाही, कारण तशी एकाहून अधिक आहेत. रसेल यांनी संपादित केलेलं मध्य प्रांताच्या जिल्हा मालिकेतलं १९०८ चं वेगळं, आणि महाराष्ट्र झाल्यावर राज्य शासनाने १९६६ मध्ये काढलेलं वेगळं. पहिल्यात गिरणी ऐन भरात आहे आणि लिहिणारा इंग्रज अधिकारी आहे, दुसऱ्यात स्वतंत्र भारतातलं शासन बोलतंय. तुमच्या विषयात या फरकाला फार अर्थ आहे. संकेतस्थळावर वाचलं असेल आणि तिथे पृष्ठक्रमांक नसतील तर प्रकरण आणि उपशीर्षक द्या. छापील प्रत न पाहता तिचे पृष्ठक्रमांक अंदाजाने घालू नका.

जनगणनेच्या बाबतीत साल पुरत नाही, कोष्टक आणि क्षेत्र दोन्ही हवं. २०११ ला नागपूर महानगरपालिका हद्दीची लोकसंख्या २४,०५,६६५ होती आणि जिल्ह्याची ४६,५३,५७०. दोन्ही "नागपूर", दोन्ही "जनगणना २०११". तुमच्या प्रकरणात शहर आणि जिल्हा आलटून पालटून येत असणार, तेव्हा प्रत्येक आकड्यापाशी हे बघा. बायकांच्या कामाचे आकडे घेताना तर मुख्य कामगार आणि सीमांतिक कामगार यांची व्याख्याही सोबत द्या. वर्षातून सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेली बाई सीमांतिकमध्ये जाते, आणि तुमच्या मुलाखतींतल्या कित्येक बायका बहुधा तिथेच असतील.

पेपरातल्या बातम्यांचं मुख्य दुखणं म्हणजे तारीख नसलेलं कात्रण. ते कितीही महत्त्वाचं असो, तारीख सापडेपर्यंत वापरू नका. मराठी दैनिकांच्या जिल्ह्यागणिक आवृत्त्या निघतात आणि नागपूरच्या अंकातली बातमी पुण्याच्या अंकात नसते, त्यामुळे आवृत्तीचं नाव, तारीख आणि पान तिन्ही लागतं. बातमीवर नुसतं "प्रतिनिधी" असेल तर लेखकाच्या जागी मथळा येतो. ऑनलाइन बातमीची प्रत पीडीएफ करून ठेवा, दुवे बघता बघता मरतात. पुराभिलेखागारातली फाइल पाहिली असेल तर खातं, फाइल क्रमांक, वर्ष आणि अभिलेखागाराचं नाव, एवढं तिथे बसल्या बसल्याच उतरवा.

मुलाखतींबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे संदर्भाची शिस्त आणि माणसांची काळजी दोन्ही एकत्र येतात. तुम्ही ज्या बायकांशी बोललात त्यांच्या मुलाखती हे तुमचं संशोधन-साहित्य आहे. ते संदर्भसूचीत जात नाही. मजकुरात खूण द्या, उदाहरणार्थ "मु. ७, वय ५८, पूर्वीची वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यातली कामगार", आणि परिशिष्टात अशा खुणांचा तक्ता जोडा. तक्त्यात मुलाखतीचा महिना, वयोगट, काम, वस्ती असावी, पण एवढी बारीक नको की शेजारीण ओळखेल. नागपुरातल्या इंदोरा वस्तीतल्या एका गल्लीत वाइंडिंगला जाणारी अठ्ठावन्न वर्षांची एकच बाई असेल, तर तक्त्याने तिचं नावच सांगितल्यासारखं होतं. मग वयोगट द्या, गल्ली काढा. तिने घरातल्या मारहाणीबद्दल किंवा सावकाराबद्दल सांगितलं असेल तर हे आणखीच कसून पाळा. तिचं बोलणं उद्धृत करताना तिची बोली प्रमाण मराठीत बदलू नका, आणि बदललीच तर तसं पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात लिहा. याउलट एखादे निवृत्त कामगार पुढारी संघटनेच्या इतिहासाबद्दल बोलले आणि नाव छापायला त्यांनी लेखी संमती दिली, तर ते व्यक्तिगत संवाद म्हणून नाव आणि तारखेसह मजकुरात येतील. एपीएमध्ये तेही सूचीत जात नाही.

आता एपीए की एमएलए. हे तुमच्या विद्यापीठावर, विभागावर आणि कधीकधी गाईडवर अवलंबून आहे, तेव्हा आधी विभागात लेखी सूचना आहेत का ते विचारा. काहीच ठरलेलं नसेल तर समाजशास्त्रासाठी मी एपीएची सातवी आवृत्ती सुचवीन. आपल्या शाखेत एखादी गोष्ट कधी म्हटली गेली याला महत्त्व असतं आणि एपीएमध्ये साल नावाला लागूनच येतं. एमएलएमध्ये मजकुरातल्या कंसात साल येतच नाही. ती पद्धत साहित्याच्या अभ्यासकांना सोयीची आहे. तुमच्यासारखं अभिलेखागारातलं साहित्य बरंच असेल तर तळटीपांची शिकागो पद्धतही चांगली. पण तळटीपांत "तत्रैव" (म्हणजे वरच्याच पुस्तकात) जपून वापरा. परिच्छेद इकडचा तिकडे हलवला की तत्रैव भलत्याच पुस्तकाला जाऊन चिकटतो. शेवटची प्रत होईपर्यंत दर वेळी आडनाव आणि साल लिहा.

यातल्या कोणत्याही पद्धतीत मराठीसाठी सगळे नियम तयार मिळत नाहीत, काही तुम्हालाच ठरवावे लागतात. "संपा.", "अनु.", "पृ.", "व इतर" हे संक्षेप एकदा ठरवा. मराठी आणि इंग्रजी सूची वेगळ्या ठेवा, मराठी सूची मराठी वर्णक्रमाने लावा. एकाच लेखकाचं नाव एकदा आद्याक्षरांनी आणि एकदा पूर्ण असं नको. इंग्रजी अवतरणांचा अनुवाद तुम्ही केला असेल तर पहिल्या प्रकरणात एकदा सांगून टाका. संदर्भ साठवून ठेवणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि देवनागरी नीट घेतं, पण मराठी पुस्तकांची माहिती त्यात हातानेच भरावी लागते.

या आठवड्यात एवढं करा. अहवालाची छापील प्रत घ्या आणि रंगवलेल्या प्रत्येक तुकड्यापाशी मूळ पान शोधा. सापडलं तर तीनच वाटा: शब्द मोलाचे असतील तर अवतरणात ठेवा, विचार मोलाचा असेल तर पुस्तक मिटून नव्याने लिहा आणि संदर्भ द्या, दोन्ही नसेल तर काढून टाका. मूळ सापडलंच नाही तर ते वाक्यही जाऊ द्या. सिद्धान्ताच्या प्रकरणातली तीन-चार पानं अशी कमी होतील, त्याने प्रबंध हलका होत नाही. मग रंग न लागलेल्या मजकुरातही इंग्रजीतून आलेले परिच्छेद स्वतःच ओळखा. ते तुम्हालाच ठाऊक आहेत.

राहिला गाईडच्या लेखांचा प्रश्न. त्यांचा लेख तुमच्या विषयावर असेल, तुम्ही तो वाचून वापरला असेल तर संदर्भ द्यायलाच हवा, अगदी इतरांसारखाच. मतभेद असेल तर तोही तिथेच मांडा, चांगल्या गाईडला ते आवडतं. वापरला नसेल तर देऊ नका. त्यांनी चर्चेत सुचवलेल्या कल्पना, वाचायला दिलेली पुस्तकं, मिळवून दिलेल्या ओळखी यांची जागा ऋणनिर्देशात आहे आणि तिथे मोकळ्या मनाने लिहा. "माझे दोन लेख टाक" असं कोणी स्पष्टच सांगितलं, तर ते लेख मागून घ्या, वाचा, आणि कोणत्या परिच्छेदात त्यांचा उपयोग होईल असं वाटतं, हे त्यांनाच विचारा. उत्तर आलं तर त्या परिच्छेदात घाला. नाही आलं, तर सूचीत त्यांना जागा नाही.